लंबीवाली

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवापुढे हात जोडते तेव्हाही अर्धंच बोलते आणि उरलेलं गिळते — त्याला माहीतच असेल म्हणून सोडून देते. तुम्ही माझे कुणी लागत नाही, म्हणून तुमच्याशी बोलणं सोपं जाईल असं वाटलं होतं. तसं काही दिसत नाही. ही सुरुवातच मी कितीदा खोडली.

मी नर्स आहे. बुरहानपूरच्या एका खासगी दवाखान्यात. माझ्याकडे साखरेचे पेशंट असतात. डॉक्टर तपासतात, लिहून देतात आणि माझ्या खोलीकडे बोट दाखवून म्हणतात, "सिस्टर समझा देंगी." मग तो घाबरलेला माणूस माझ्यापुढे येऊन बसतो. पोटाची कातडी चिमटीत कशी धरायची, रोज जागा का बदलायची, घरी फ्रीज नसेल तर आमच्याकडच्या उन्हाळ्यात इन्सुलिन डब्यात घालून माठाशेजारी गार कसं ठेवायचं, शाहपूरच्या केळीच्या बागेत कामाला जाणाऱ्या बाईने खिशात साखरेची पुडी का बाळगायची — सगळं मी सांगते. मला हे काम चांगलं येतं. बढाई नाही मारत. येतं, हाच तर मुद्दा आहे.

आमच्याकडे इन्सुलिनला त्याच्या खऱ्या नावाने कुणी बोलवत नाही. जेवणाआधी घ्यायची ती 'खानेवाली'. आणि दिवसातून एकदाच, रोज ठरलेल्या वेळी घ्यायची, पाण्यासारखी नितळ, जी दुसऱ्या इन्सुलिनबरोबर एका सिरिंजमध्ये मिसळायची नसते आणि जी दिवसरात्र गुपचूप, एकसारखं काम करत राहते, ती 'लंबीवाली'. लंबी अशासाठी की तिचा असर लांबपर्यंत चालतो. सुईचा त्यात काही संबंध नाही. इन्सुलिनच्या पेनवरची सुई इवलीशी असते, तांदळाच्या दाण्याहून आखूड. पण नवा माणूस या शब्दाला हमखास फसतो. 'लंबीवाली' ऐकलं की डोळे मोठे होतात. मी हसते, सुई काढून दाखवते, मग तोही हसतो. एका वाक्याचं काम. किती जणांना ते वाक्य सांगितलं असेल मी? त्याला मोजदाद नाही.

एका बाईला सांगितलं नाही.

त्या माझ्या थोरल्या जाऊबाई. मी त्यांना ताई म्हणते. गावातल्या शाळेत मराठी शिकवायच्या. उंच, नाकीडोळी नीटस, आणि अक्षर असं की फळा पुसायला पोरांचं मन होत नसे. घरात खाली त्या आणि मोठे भाऊजी, वर आम्ही दोघं, स्वयंपाकघर एकच. मी नेपानगरची. वडील नोकरीसाठी जळगावकडून तिथल्या कागदाच्या कारखान्यात आलेले. लग्न होऊन आले आणि पहिल्याच हळदीकुंकवाला ताईंनी बायकांना माझी ओळख करून दिली, "ही आमची धाकटी. सुया टोचते." बायका हसल्या. मीही हसले — काय करणार? तेव्हापासून मी घरात सुईवाली. सुईवाली आली का? सुईवालीचा चहा झाकून ठेवा.

दवाखान्यातून आल्यावर लोणच्याच्या बरणीला मी हात लावायचा नाही, बुरशी धरते म्हणे. आणि कानबाईच्या वेळचं तर विचारूच नका. श्रावणात आमच्याकडे कानबाई देवी बसते. तिच्या नैवेद्याचे रोट घरच्याच बायकांनी करायचे असतात, पीठ घरच्याच सुनेने मळायचं असतं. लग्नानंतरच्या पहिल्या श्रावणात मी न्हाऊन, नवी साडी नेसून, बांगड्या मागे सारून परातीपुढे बसले. ताईंनी परात स्वतःकडे ओढून घेतली. रागाने नाही हो, अगदी सहज, पोरीच्या हातातून कात्री काढून घ्यावी तशी. म्हणाल्या, "राहू दे. तुझ्या हाताला मेलेल्या माणसांचा वास येतो."

सगळ्या चुलत सासवा तिथेच बसल्या होत्या. मी उठले आणि मोरीत भांडी घासायला बसले. भांड्यांना तो वास चालत होता.

हे मी कारण म्हणून सांगत नाही. याहून वाईट ऐकून घेतलेल्या बायका गल्लोगल्ली आहेत आणि त्या कुणाचं वाटोळं करत नाहीत. मी ते वाक्य विसरले नाही, एवढंच. विसरायचा प्रयत्नही केला नाही. उलट जपलं, बरणीत घालून मुरवलं.

मग ताईंना साखर निघाली. गोडाची त्यांना भारी हौस. मावा जिलेबीच्या दुकानावरून रिक्षा गेली तरी वळून बघायच्या. गोळ्या सुरू झाल्या, वाढल्या, आणखी वाढल्या, साखर काही हटेना. आमच्याच डॉक्टरांकडे दाखवत होत्या. एके दिवशी रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाले, "मॅडम, अब लंबीवाली शुरू करते हैं. घर में सिस्टर हैं ही, समझा देंगी."

मी बाजूलाच उभी होते. ताईंचा चेहरा पाहिला आणि ओळखला. रोज बघते मी तो चेहरा. ताई फसल्या होत्या. संदर्भावरून शब्दाचा अर्थ ओळखायला पोरांना जन्मभर शिकवणाऱ्या ताई त्या एका शब्दाला फसल्या होत्या, एखाद्या अंगठाबहाद्दरासारख्या. मी तिथल्या तिथे बोलू शकले असते. पण म्हटलं, घरी सांगू. खरंच, त्या क्षणी माझ्या मनात काही वाईट नव्हतं. की होतं? आता मला नक्की आठवत नाही, आणि आठवत नाही हे सोयीचंही आहे.

संध्याकाळी ताई जिना चढून वर आल्या. आमच्या खोलीत त्या सहसा येत नसत. दार लोटलं, पलंगाच्या कडेवर टेकल्या. म्हणाल्या, "एक सांगते, कुणाला बोलू नको. मला सुईची फार भीती वाटते गं. लहानपणापासून. शाळेत टोचायला आले की मी मागच्या दारानं पळून यायची. स्टाफरूममध्ये कळलं तर हसून राहतील सगळे." आणि मग हवेत दोन बोटं एकमेकांपासून लांब धरून त्यांनी विचारलं, "ही लंबीवाली... केवढी असते?"

जरा थांबते.

मला काय वाटलं, सांगू? गोड वाटलं. इतकी वर्षं जिने मला सुईवाली म्हटलं ती बाई सुईला भीत होती. आणि ते जगात फक्त मला माहीत होतं. ती दोन बोटं अजून हवेतच होती. मी त्या बोटांकडे बघत राहिले. त्यांच्यातलं अंतर मला पुरेसं वाटलं, ते कमी करावंसं वाटेना.

मी म्हणाले, "सहन करतात हो ताई, लोकं."

बघा. यात खोटं काय आहे? करतातच ना सहन? किती वर्षं मी स्वतःला हेच विचारत आले — यात खोटं काय आहे?

ताईंनी इन्सुलिन नाकारलं. कारल्याचा रस सुरू झाला, मेथीदाणे, जांभळाच्या बियांची पूड, कुणी सांगितलेला कुठला काढा. मोठे भाऊजी म्हणायचे, घरात नर्स असताना बाहेर कुणाला कशाला विचारायचं? आणि ताईंना विचारायची लाज, भीती उघडी पडेल म्हणून. त्यांनी आपल्या हाताने दार लावून घेतलं होतं आणि किल्ली माझ्याकडे दिली होती. दवाखान्यात डॉक्टर मला विचारत, "क्या हुआ, मॅडम मानी नहीं?" मी मान हलवायची. नहीं मानतीं सर. त्यावर ते ताईंनाही समजावत, पण त्यांना वाटे बाई हट्टी आहे. घाबरली आहे असं त्यांच्या मनातही आलं नाही. इतक्या ताठ बाईबद्दल कुणाच्या येईल?

आणि घरातलं वारं फिरलं. हे सांगायलाच हवं, कारण मला ते आवडत होतं. ताई माझ्याशी गोड बोलायला लागल्या. भाजीत मीठ बघ गं जरा. हे घे, लोणचं तूच काढ. सुईवाली हा शब्द घरातून नाहीसा झाला. मी जेवताना सहज म्हणायची, "डॉक्टर विचारत होते तुमचं. म्हणत होते, आता लंबीवालीशिवाय इलाज नाही," आणि त्यांचा घास ताटात तसाच राहायचा. मला घाई नव्हती. महिन्या-दोन महिन्यांनी एकदा, असंच, पाणी वाढता वाढता. एकदा पाहुण्यांनी दराबा आणला होता, रवा-तुपाची आमच्याकडची मिठाई, ताईंनी चमचाभर घेतला, मी नुसतं त्यांच्याकडे पाहिलं. वाटी ठेवून दिली त्यांनी. एवढी मोठी बाई, माझ्या एका नजरेला भ्यायची. मी त्या भीतीला वेळच्या वेळी खायला घालत होते.

त्याच दिवसांतली गोष्ट. डोईफोडियाहून एक म्हातारी आली होती, तिलाही लंबीवाली लिहून दिलेली. खुर्चीत बसल्या बसल्या रडायला लागली. "बाई, लंबी म्हंजे केवढी वो? पोटातून आरपार जाईन का?" मी पटकन नवी सुई काढली, तिच्या डोळ्यांसमोर स्वतःच्या पोटाला टोचून दाखवली. "बघ आजी, मुंगीसुद्धा याहून जोरात चावते." म्हातारी तोंडाला पदर लावून हसायला लागली, जाताना माझ्या गालावरून बोटं मोडून गेली. मला इतकं बरं वाटलं! घरी आले, तर ताई ओट्यापाशी उभ्या राहून डोळे मिटून कारल्याचा रस पीत होत्या. मी पाय धुतले, चहा टाकला, त्यांच्याशेजारी उभी राहून प्यायले. तेच वाक्य माझ्या तोंडात होतं, अजून ताजं. ते चहाबरोबर खाली गेलं.

इथवर आले की मी नेहमी थांबते. देवापुढेही इथेच थांबते. इथवर असलं तर निभावून नेता येतं — मी गप्प बसले, गप्प बसणं हा काही गुन्हा नाही, सगळेच बसतात. मघाशी मी म्हटलं ना, खोटं काही बोलले नाही? ते खरं आहे. शब्दाने मी शेवटपर्यंत खोटं बोलले नाही.

एकदा ताई तयार झाल्या होत्या.

शाळेत त्यांना भोवळ आली होती. त्या रविवारी त्या वर आल्या, चेहरा उतरलेला, पण काहीतरी ठरवून आलेल्या. म्हणाल्या, "मला दाखव तरी ती सुई. एकदा बघून घेते. बघितली की भीती जाईल कदाचित." कशी बाई होती बघा. भीतीला समोर बसवून तिच्या डोळ्यांत बघायला निघाली होती. माझ्यात तेवढी हिंमत नाही. मी म्हणाले, उद्या आणते.

आणि दुसऱ्या दिवशी मी आणली. पाठीच्या मणक्यातून पाणी काढायला वापरतात ती. बोटापेक्षा लांब. बंद पाकिटातली, कोरी. दवाखान्यात कपाट उघडलं तेव्हा पेनच्या सुयांचा डबा वरच्याच कप्प्यात होता, तो मला बाजूला सारावा लागला. घरी आले तेव्हा ताई वर आमच्या खोलीत येऊन बसल्या होत्या; मी ती टेबलावर ठेवली, ताईंच्या चष्म्याच्या डबीशेजारी. 'हीच ती' असं मी म्हटलं नाही. काहीच म्हटलं नाही. ठेवली आणि केस विंचरायला लागले. आरशातून त्यांच्याकडे बघत होते.

ताईंनी ती हातात घेतली नाही. नुसत्या बघत राहिल्या. मग उठल्या, भिंतीला धरून जिना उतरल्या, आणि खाली मोरीत त्यांच्या ओकण्याचा आवाज आला. मी वेणी घालून पुरी केली. पुन्हा त्यांनी तो विषय माझ्याकडे काढला नाही, डॉक्टरांकडेही नाही. माझ्याशी मात्र आणखी मऊ वागायला लागल्या. असली सुई रोज लोकांना टोचायला किती काळीज लागत असेल, असं एकदा मोठ्या भाऊजींना म्हणाल्या. मी जिन्यात उभी राहून ऐकलं.

डोळे हळूहळू गेले. आधी डोळ्यापुढे माशी फिरते म्हणायच्या, हाताने हाकलायच्या. मग पेपर तपासताना ओळी वाकड्या दिसायला लागल्या. इंदूरला नेलं, लेझर झालं, पुन्हा नेलं. आत रक्त सांडत होतं. इंदूरच्या डॉक्टरांनी विचारलं, इतकी वर्षं साखर इतकी चढलेली, इन्सुलिन का नाही घेतलं? भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. ताईच म्हणाल्या, "माझाच हट्ट. ही बिचारी सांगून थकली." मी खाली फरशीकडे बघत होते. फरशी पांढरी होती, त्यावर कुणाच्या तरी चपलेचा मातीचा ठसा होता.

शाळा सुटली. निरोपाच्या दिवशी मुलांनी फळ्यावर काहीतरी लिहिलं होतं, ताईंनी फळ्याजवळ जाऊन हात फिरवला आणि सगळं पुसलं गेलं. त्यांना कळलंही नाही. आमचे डॉक्टर म्हणतात, डोळे कदाचित तसेही गेले असते, कुणाचं काही सांगता येत नाही. कदाचित. हा शब्द मला खूप दिवस उशाला घ्यावासा वाटला. पण ज्या हाताने तो डबा बाजूला सारला त्या हाताला 'कदाचित' माहीत नव्हतं.

मग पायाला गळू झालं आणि साखर भडकली. आमच्याच दवाखान्यात भरती केलं. डॉक्टर म्हणाले, आता लंबीवाली घ्यावीच लागेल. सकाळची वेळ होती, खिडकीतून ऊन पलंगावर आलं होतं, मला सगळं दिसत होतं. ताईंनी पोटावरचा पदर बाजूला सारला. मग म्हणाल्या, "लाव बाई. आता मला दिसत तर नाही. मग केवढी का असेना."

त्यांनी तोंड भिंतीकडे केलं, चादर मुठीत गच्च धरली, दात आवळले. मी पोटाची कातडी चिमटीत धरली, टोचली, दहापर्यंत आकडे मोजले, काढली. ताई तशाच. मूठ आवळलेली, कपाळावर घाम. म्हणाल्या, "लाव ना गं. किती वेळ करून राहिलीस?"

मी म्हणाले, "झालं ताई."

"काय झालं?"

"लावली. झालं."

त्यांनी हळूच मान वळवली. मूठ सोडली. मग हात पुढे केला — दाखव म्हणाल्या. मी नवी सुई त्यांच्या तळहातावर ठेवली. दुसऱ्या हाताच्या बोटाने त्यांनी ती चाचपली. सापडेना त्यांना, इतकी लहान. मग सापडली. बराच वेळ त्या बोट तिथेच ठेवून बसल्या.

"एवढीच?"

मी वापरलेली सुई काढून डब्यात टाकली.

"आधी मोठी होती ना गं? तू आणलेली ती?"

त्यांनी मला विचारलं होतं. सरळ, स्वच्छ विचारलं होतं. त्याच दवाखान्यात माझ्या खोलीच्या दारावर 'साखर तपासणी' अशी पाटी, आत टेबलावर माझ्या नावाची पाटी, गळ्यात माझं ओळखपत्र — आणि मी म्हणाले, "हो ताई. आता नवीन निघाली." शब्दाने शेवटपर्यंत खोटं बोलले नाही असं वर लिहिलंय, तेही खोटंच ठरलं.

ताईंनी श्वास सोडला. "बरं झालं," म्हणाल्या. "मागून येणाऱ्यांचा तरी त्रास वाचला."

आता रोज सकाळी चहाच्या आधी, ठरलेल्या वेळी, मी त्यांना लंबीवाली टोचते. एक दिवस डावीकडे, एक दिवस उजवीकडे. त्या आल्यागेल्याला कौतुकाने सांगतात, "धाकटीचा हात इतका हलका आहे, टोचलेलं कळत नाही." साखर आता ताब्यात आहे. हे औषध किती चांगलं आहे ते मला आधीही माहीत होतं, आता माझ्याच घरात रोज दिसतं.

या श्रावणात कानबाई बसली तेव्हा सगळ्या जमल्या होत्या. ताईंनी सगळ्यांसमोर सांगितलं, "पीठ धाकटी मळेल. तिच्या हाताला गुण आहे." चुलत सासवांनी सरकून जागा करून दिली. परात माझ्यापुढे आली. ताई समोर बसल्या होत्या, चेहरा माझ्याकडे करून — म्हणजे माझ्या जरा डावीकडे, मी जिथे आहे असं त्यांना वाटत होतं तिथे.

मी बांगड्या मागे सारल्या आणि पीठ मळलं. रोट चांगले झाले. प्रसादाचा पहिला तुकडा ताईंनी मला भरवला. त्यांचा हात आधी माझ्या कानाला लागला, मग गालाला, मग चाचपत चाचपत तोंड सापडलं. मी तोंड उघडलं आणि खाल्ला.